'बॅनियन ट्री'मधला बॅनियन कोण? वडाच्या इंग्रजी नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडाला इंग्रजीत 'बॅनियन ट्री' म्हणतात हे शाळेत पाठ होतं. पुढे कधीतरी दोरीवर वाळत घातलेलं बनियन पाहून शंका येते, की हा योगायोग आहे की काही नातं? नातं आहे, आणि ते गुजरातच्या बंदरांपासून इराणच्या किनाऱ्यापर्यंत, वसईपासून लंडनपर्यंत पसरलेलं आहे. या शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'बॅनियन ट्री' म्हणजे नेमकं कोणतं झाड?

आपला वड. शास्त्रीय नाव फायकस बेंगालेन्सिस. हे नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं. पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे त्याचे भाऊबंद, एकाच फायकस कुळातले. इंग्रजीत या कुळाला सरसकट 'फिग' म्हणजे अंजीर म्हणतात. पुढे जुन्या युरोपीय वर्णनांचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

वडाला फुलं येत नाहीत असं बरेच जण समजतात. वडाची लाल फळं पानाच्या बेचक्यात जोडीजोडीनं, देठाशिवाय चिकटलेली असतात. एखादं फळ ब्लेडनं मधोमध कापून भिंगाखाली धरा. आतल्या पोकळीच्या भिंतीला चिकटून दाटीवाटीनं बसलेली असंख्य बारीक फुलं दिसतील. फळाच्या टोकाला अगदी बारीक छिद्र असतं. त्यातून गांधीलमाशीच्या जातीचा एक चिमुकला कीटक आत शिरतो आणि परागीभवन करतो. हा कीटक नसेल तर वडाला बी धरत नाही.

मग 'बॅनियन' या शब्दाचा अर्थ काय?

वाणी. व्यापारी. गुजरातीत 'वाणियो', अनेकवचनी 'वाणिया'; मूळ संस्कृत 'वणिज्'. मराठीत त्याच घरातले शब्द आपण रोज वापरतो: वाणी, वाणसामान, वाणिज्य शाखा.

म्हणजे 'बॅनियन ट्री' याचा शब्दशः अर्थ 'वाण्यांचं झाड'. पारंब्या, सावली, आयुष्य, पानं यांपैकी कशाचाही त्या नावात उल्लेख नाही. झाडाखाली कोण बसलं होतं एवढंच त्यात नोंदलेलं आहे. या नावाची मला वाटणारी सगळी गोडी यातच आहे.

'वाणियो'चं 'बॅनियन' कसं झालं? 'व'चा 'ब' आणि शेवटी 'न' कुठून आला?

हे काम मुख्यतः पोर्तुगिजांचं. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं १५१६ च्या सुमारास हिंदी महासागराच्या काठच्या देशांचं वर्णन लिहिलं. त्यात गुजरातच्या या व्यापाऱ्यांची माहिती आहे: ते मांस खात नाहीत, जीव मारत नाहीत, व्यापारात अतिशय तरबेज आहेत. पोर्तुगीज लिखाणात त्यांचं नाव साधारण 'बनेआन' किंवा 'बनियान' असं येतं आणि तिथून ते इतर युरोपीय भाषांत गेलं.

'व'चा 'ब' होणं आपल्याला नवं नाही. त्याच पोर्तुगिजांच्या तोंडी वसईचं 'बासाईं' झालं, ज्याचं इंग्रजांनी पुढे 'बसीन' केलं. वांद्रे 'बांद्रा' झालं तेही त्याच काळात. हिंदीत 'बनिया' असा 'ब' आधीपासून होताच, त्यामुळे तिकडूनही मदत झाली असणार.

शेवटच्या 'न'बद्दल दोन मतं आहेत. युल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा मोठा कोश काढला. त्यांनी दोन्ही शक्यता दिल्या आहेत: एक तर हा अनुनासिक पोर्तुगिजांनी मागे जोडला, किंवा तो 'वाणियान' अशा अनेकवचनातून आला. मला पहिली शक्यता जास्त पटते, कारण अशी उदाहरणं रांगेनं सापडतात. पालखीचं 'पॅलँक्विन', मंत्रीचं (मलाय भाषेमार्गे) 'मँडरिन' आणि वसईचं 'बसीन'. तिन्हीत शब्दाच्या शेवटी नाकातला स्वर आला आहे.

पण वाण्याचं नाव झाडाला चिकटलं कुठे? भारतातच ना?

बहुतेकांना इथेच धक्का बसतो. सर्वसाधारणपणे मान्य असलेली हकीकत इराणच्या किनाऱ्यावरची आहे.

होर्मुझच्या सामुद्रधुनीवर गोम्ब्रून नावाचं बंदर होतं. शाह अब्बासच्या फौजांनी ते १६१४ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलं, १६२२ मध्ये इंग्रजांच्या मदतीनं होर्मुझ बेटही घेतलं, आणि मग गोम्ब्रूनची भरभराट सुरू झाली. त्याचंच आजचं नाव बंदर अब्बास. इंग्रज आणि डच कंपन्यांनी तिथे वखारी घातल्या. पण त्यांच्या आधीपासून त्या किनाऱ्यावर गुजराती व्यापारी ठाण मांडून होते. कापड, नीळ, मसाले, सराफी असा सगळा पसारा त्यांच्या हातात होता.

या बंदराजवळ एक प्रचंड वड होता. रखरखीत, खाऱ्या वाऱ्याच्या त्या मुलखात असा घेर असलेलं झाड म्हणजे अप्रूपच. त्याच्या सावलीत या व्यापाऱ्यांनी छोटंसं देऊळ बांधलं होतं. घरापासून शेकडो कोस दूर, जहाजांच्या मोसमाची वाट पाहत थांबलेल्या माणसांना आपल्या ओळखीचं झाड सापडलं आणि त्यांनी तिथे देव बसवला, यात नवल काही नाही. इटालियन प्रवासी पिएत्रो देला वाल्ले त्याच सुमारास त्या किनाऱ्यावर होता आणि या झाडानं तोही भारावून गेला. तिथले लोक या झाडाला 'लुल' म्हणत. युरोपीय खलाशी आणि व्यापारी मात्र त्याला 'बॅनियन लोकांचं झाड' म्हणू लागले, आणि पुढे तीच जात भारतात जागोजागी दिसली तेव्हा नाव साऱ्या जातीलाच लागलं. 'वाण्यांचं झाड', मग 'बॅनियन ट्री' आणि शेवटी 'ट्री' गळून नुसतं 'बॅनियन', असा हा प्रवास.

त्याआधी युरोपातले लोक वडाला काय म्हणत होते?

सगळ्यात जुनं वर्णन सिकंदराच्या स्वारीतून आलं. त्याच्या सोबत्यांनी पाहिलेलं झाड थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवलं: हिंदुस्थानातलं अंजीर, ज्याच्या फांद्यांतून मुळं खाली सुटतात आणि जमिनीत रुजून खोडाभोवती तंबूसारखं कुंपण करतात. फळ हरभऱ्याएवढं. इथवर ठीक. पण पान मात्र ढालीएवढं असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. रोमन लेखक प्लिनीनं त्याची 'ॲमेझॉन स्त्रियांची', म्हणजे ग्रीक दंतकथांतल्या लढवय्या बायकांची, ढाल केली. वडाचं पान फार तर वीतभर असतं, पण ही ढाल पुढे दीड हजार वर्षं तगून राहिली. १६६७ साली मिल्टनच्या महाकाव्यात ॲडम आणि ईव्ह ज्या झाडाच्या पानांनी अंग झाकतात ते झाड म्हणजे वडच, 'मलबार किंवा दख्खन' इथे वाढणारं असं त्यानं स्पष्ट म्हटलं आहे. पानं मात्र ॲमेझॉनच्या ढालीएवढीच. आणि नाव? नुसतं 'फिग ट्री'.

गोव्याचा पुरावा याहून मोलाचा आहे. यान हाउखेन फान लिन्सकोटेन हा डच माणूस १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापलं गेलं. त्यात खंबायतच्या 'बनियान' व्यापाऱ्यांवर वेगळं प्रकरण आहे, आणि वडावर वेगळं. वडाला तो पोर्तुगीज नावानं 'आर्व्होरे द राइश', म्हणजे 'मुळांचं झाड' म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणजे तोवर तरी वडाला वाण्याचं नाव लागलेलं नव्हतं. पोर्तुगिजांचं हे नाव झाडाचं अचूक वर्णन करतं. इंग्रजांनी ते घेतलं असतं तर आज ही उत्तरं लिहावी लागली नसती.

आपल्या गावोगावी वडाच्या पारावर व्यापारी बसत, म्हणून हे नाव पडलं असं ऐकलंय. ते चूक का?

पूर्ण चूक म्हणता येणार नाही. वडाखाली बाजार भरणं, पारावर हिशेब होणं हे भारतात सगळीकडे चालायचं, आणि इंग्रजांना नाव टिकवायला त्याची मदत झाली असेल. पण नाव जन्मलं ते गोम्ब्रूनच्या झाडापाशी.

याला जोडून मुंबई शेअर बाजाराची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती गोष्ट खरी आहे. १८५० च्या दशकात दलाल मंडळी टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमून सौदे करत. गर्दी वाढत गेली तशी त्यांना जागा बदलाव्या लागल्या, १८७५ मध्ये त्यांनी रीतसर संघटना केली आणि शेवटी ते दलाल स्ट्रीटवर स्थिरावले. त्या दलालांत गुजराती मोठ्या संख्येनं होते, त्यामुळे 'वाण्यांचं झाड' हे नाव मुंबईत अक्षरशः खरं ठरलं. मात्र तोवर ते नाव इंग्रजीत येऊन दोनशे वर्षं होऊन गेली होती. गोष्ट जरूर सांगा, फक्त नावाचं कारण म्हणून सांगू नका.

आणि आपण अंगात घालतो ते बनियन?

तेही त्याच वाण्याचं.

सतराव्या शतकात भारतातून आणि पूर्वेकडून युरोपात सैल, पायघोळ, सुती किंवा रेशमी झगे जाऊ लागले. घट्ट कोट आणि भरजरी जाकिटांत दिवसभर आवळून घेतलेल्या पुरुषांना घरात घालायला हे झगे फार आवडले. त्यांना इंग्रजीत 'इंडियन गाउन' किंवा 'बॅनियन' म्हणत. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या सुप्रसिद्ध रोजनिशीकारानं १६६६ मध्ये चित्रकारासमोर बसण्यासाठी असा 'इंडियन गाउन' चक्क भाड्यानं आणला होता. ते चित्र आजही पाहायला मिळतं: तपकिरी चकाकता झगा आणि हातात संगीताचा कागद. अठराव्या शतकात तर विद्वान, लेखक, शास्त्रज्ञ यांनी चित्रासाठी बॅनियन घालून बसायची पद्धतच पडली. मोकळे कपडे असले की डोकं मोकळं चालतं, असा समज होता. संग्रहालयांच्या सूचीत आज 'बॅनियन' दिसलं तर तो हा झगा समजावा.

भारतात राहणाऱ्या इंग्रजांनी मात्र हाच शब्द अंगालगतच्या कपड्याला लावला. हॉब्सन-जॉब्सनमध्ये त्याची नोंद अशी: मूळचा मलमलीचा सदरा, हिंदू लोकांच्या अंगातल्या वस्त्रासारखा दिसतो म्हणून हे नाव, आता विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी आतल्या कपड्याला हेच म्हणतात. म्हणजे १८८६ पर्यंत आजचं बनियन जवळजवळ तयार झालं होतं. कापडाच्या गिरण्या आणि होजिअरी आली, आणि शब्द घरोघरी पोचला. हिंदीत 'बनियान', मराठीत 'बनियन'. इंग्लंडात हा अर्थ कोणालाच आठवत नाही. तिथे दुकानात 'बॅनियन' मागितलं तर काहीही मिळणार नाही. गुजराती शब्द परदेश फिरून इंग्रजी बनून परत आला आणि आपण तो कपाटात ठेवला.

मग 'गंजीफ्रॉक' काय?

त्याचा वाण्याशी संबंध नाही. ते इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आलं. तिथले विणलेले 'गर्न्सी फ्रॉक' खलाशी घालत, त्याचं आपल्याकडे गंजीफ्रॉक झालं. बंगालीत आजही बनियनला 'गेंजी'च म्हणतात.

इंग्रजी पुस्तकांत 'बॅनियन डे' वाचलं. तो वडाशी संबंधित सण आहे का?

नाही, आणि वटपौर्णिमेशी तर मुळीच गल्लत करू नका. 'बॅनियन डे' म्हणजे ब्रिटिश आरमारातला बिनमांसाचा दिवस. जुन्या काळी जहाजावर आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, मांस मिळत नसे. वाटाणे, ओटची पेज, लोणी, चीज यांवर भागवावं लागे. सुरतेच्या शाकाहारी व्यापाऱ्यांची कीर्ती खलाशांना ठाऊक होती, म्हणून त्या दिवसांना त्यांचं नाव. खलाशी हा शब्द प्रेमानं वापरत नसत हे सांगायला नको.

पुढे अर्थ पूर्ण फिरला. आजच्या ब्रिटिश आरमारात 'बॅनियन' म्हणजे जहाज एखाद्या बेटाशी थांबलं की किनाऱ्यावर केलेली सहल, आणि त्या सहलीत निखाऱ्यावर मांस भाजणं हा मुख्य कार्यक्रम. ज्यांच्या शाकाहारामुळे शब्द आला, त्यांच्या नावानं मांस भाजलं जातं. अशी उलटापालट झालेले शब्द फार थोडे सापडतात.

कलकत्त्याच्या इतिहासात 'बनियन' असतात, ते गुजराती होते का?

नव्हते. अठराव्या शतकातल्या कलकत्त्यात युरोपीय व्यापाऱ्याचा किंवा अधिकाऱ्याचा कारभारी, दुभाषी, सावकार आणि जामीन अशा सगळ्या भूमिका एकट्यानं निभावणाऱ्या माणसाला 'बनियन' म्हणत. बहुतेक जण बंगाली होते आणि सगळे जन्मानं व्यापारी जातीचेही नव्हते. वॉरन हेस्टिंग्जचा बनियन कृष्णकांत नंदी, ऊर्फ कांतबाबू, आणि अमेरिकन जहाजांचा कारभार पाहणारे रामदुलाल दे ही त्यांतली नामांकित नावं. इंग्रजी पुस्तकात 'हिज बॅनियन' आलं तर संदर्भ पाहूनच अर्थ लावा: कारभारी, झगा की झाड.

स्पेलिंगमध्ये 'वाय' बरोबर की 'आय'?

दोन्ही. आज झाडासाठी 'वाय' जास्त चालतं. व्यापारी आणि कपडा या अर्थांत जुन्या लिखाणात 'आय' दिसतो.

इंग्रजीत 'बॅनियन' लिहिलं असेल तर ते झाड नेहमी आपला वडच असतं का?

अजिबात नाही. भाषांतर करणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ज्या ज्या फायकसला हवेत मुळं सुटतात, त्याला इंग्रजीत सैलपणे 'बॅनियन' म्हणायची सवय आहे. चिनी गोष्टींतला 'बॅनियन' बहुधा फायकस मायक्रोकार्पा असतो, लहान चकचकीत पानांचा. फूचौ या चिनी शहराला त्याच्यावरूनच 'रोंगचेंग', म्हणजे त्या झाडांचं शहर, असं टोपणनाव आहे. इंडोनेशियाच्या राजचिन्हावर ऐक्याचं प्रतीक म्हणून असलेलं 'बेरिंगिन' हे झाडही इंग्रजीत 'बॅनियन'च होतं. बार्बेडोस या बेटाचं नाव पोर्तुगीज 'दाढीवाले' या शब्दावरून आलं, आणि ही दाढी म्हणजे तिथल्या अंजीरवर्गीय झाडांच्या लोंबत्या मुळ्या, असं सर्वसाधारणपणे सांगतात. ते झाडही वड नव्हे.

उलट हवाईतल्या लहायना गावचं प्रसिद्ध झाड मात्र अस्सल भारतीय वड. २४ एप्रिल १८७३ रोजी ते लावलं तेव्हा जेमतेम आठ फुटांचं होतं. पुढे ते चौकभर पसरलं. ऑगस्ट २०२३ च्या भीषण वणव्यात गाव बेचिराख झालं, झाड होरपळलं, आणि काही आठवड्यांत त्याला पुन्हा हिरवी पालवी फुटल्याचे फोटो जगभर गेले. वडाचं मूळ ज्यांच्या अंगणात आहे त्यांना हे नवं नाही, तरी ते फोटो पाहून बरं वाटलं.

आपल्या भाषांत वडाची नावं कशावरून आली?

वड हे संस्कृत 'वट' वरून. हिंदीत बड किंवा बरगद, बंगालीत बट, कन्नड-तमिळमध्ये आल, तेलुगूत मर्रि. संस्कृतात आणखी एक सुंदर नाव आहे, 'न्यग्रोध', म्हणजे खालच्या दिशेनं वाढणारा. गावांच्या नावांत तर वड किती ठिकाणी आहे: वडगाव, वडनेर, गुजरातेत वडोदरा. पारंबी या शब्दालाही इंग्रजीत तोड नाही. 'हवेतलं मूळ' किंवा 'टेकूचं मूळ' अशी लांबण लावावी लागते.

सगळ्यात मोठा वड कोणता?

आंध्र प्रदेशातला तिम्मम्मा मर्रिमानू. त्याचा पसारा सुमारे पाच एकरांचा. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला वड त्याहून प्रसिद्ध, कारण वादळं आणि बुरशीनं पोखरलेलं त्याचं मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी झाड हजारो पारंब्यांवर उभं आहे. भरूचजवळ नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवडही जुन्या प्रवाशांच्या लिखाणात भेटतो. आपल्याकडे संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा महावटवृक्ष जरूर पाहावा. सातारा भागातल्या एका वडाचा घेर १८८२ मध्ये १५८७ फूट मोजला गेला होता, आणि त्या काळच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत तो आकडा मोठ्या आदरानं दिला जाई.

मराठीत लिहिताना 'बनयान वृक्ष' लिहिलं तर चालेल का?

लिहू नये. इंग्रजीवरून घाईनं केलेल्या मजकुरात 'बनयान वृक्ष' वाचलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण 'वड' हा शब्द आपल्याकडे शतकानुशतकं आहे. भारतातलं झाड असेल तर 'वड'. चीन, जपान, इंडोनेशियातलं असेल आणि जात कळत असेल तर तिचं नाव द्या, नसेल तर 'वडाच्या कुळातलं झाड' लिहा. जुन्या चित्रातला कपडा असेल तर 'बॅनियन झगा', आरमारातला दिवस असेल तर 'बिनमांसाचा दिवस', कलकत्त्याचा माणूस असेल तर 'बनियन' तसंच ठेवून पहिल्यांदा कंसात 'कारभारी' द्या.